गिल्दोच्या आईला मिळालेलं उत्तर

देवाने मला उत्तर दिलं, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत वर्षभर सगळे मानत होते. बुधवारी, पहाटेच्या प्रार्थनेत, सहाला दहा मिनिटं कमी असताना. वेळसुद्धा पक्की होती, कारण मालन्यो कोन्साने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती ध्यानात ठेवली होती. मंडळीतल्या जुन्या, केस पिकलेल्या बायकांना आमच्यात कोन्सा म्हणतात. मीही कोन्साच, ओकबुन कोन्सा. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. माकूल मासळी चिरण्यात तोल्मोरी गावात माझा हात कुणी धरू शकत नाही, एवढं एकच मी स्वतःबद्दल छातीठोकपणे सांगू शकते.

उत्तर कशाचं, ते सांगते. माझा एकुलता मुलगा गिल्दो ऑक्टोबरात माकुलाच्या होडीवर गेला, तो परत आला नाही. होडीवर सात जण होते. वादळ नव्हतं, धुकं नव्हतं, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा स्वस्थ होता. रात्री बाकीच्या होड्यांनी त्यांचे दिवे पाहिले आणि उजाडल्यावर होडीच नव्हती. फळी नाही, डबा नाही, चप्पल नाही. सरकारी बोट नऊ दिवस फिरली. मग त्यांच्या साहेबाने सातही घरांत जाऊन टोपी काढली आणि मान खाली घातली. वादळ असतं तर निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

मला काही वाटत नव्हतं. हे लोकांना खरं वाटत नाही. ते म्हणत, ओकबुन कोन्सा किती धीराची. धीर कसला आलाय. दात काढण्याआधी सुई टोचल्यावर गाल असतो, तशी मी आतून झाले होते. कुणी बोललं की ऐकू यायचं, जेवले की पोट भरायचं, हात चालायचे. माकूल उभं चिरायचं, आतडी काढायची, खाऱ्या पाण्यात धुवायचं, बांबूच्या काठीला वीस अडकवायची, काठी वाऱ्याला टांगायची. पहिल्या तीन आठवड्यांत मी आणि माझी सून मिर्ये, आम्ही दोघींनी आजवर चिरली नव्हती इतकी माकुलं चिरली.

पहाटेच्या प्रार्थनेला मी आधीपासून जात होते, तशीच जात राहिले. साडेचारला उठायचं, पाचला देवळात गादीवर बसायचं. पाळकसाहेब दिवे मालवतात, मग सगळे मिळून तीनदा प्रभूला मोठ्याने हाक मारतात आणि जो तो आपापली प्रार्थना एकाच वेळी, गळा काढून करतो. चाळीस जणांच्या त्या गोंगाटात मी नुसते ओठ हलवायची. ‘प्रभू’ म्हणायची आणि पुढे काही सुचायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मालन्योने ठरवलं की हे असं चालायचं नाही.

मालन्यो एकाहत्तर वर्षांची. तिला साखरेचा आजार आणि स्वभाव मिरचीचा. बायकांच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, “आपण काय नुसत्या तोंडपाटीलक्या करतो. देवाकडून उत्तर हवं असेल तर पोट रिकामं ठेवून मागायला पाहिजे. उत्तर येईपर्यंत मी घास घेणार नाही. कोण येतंय?”

आठ जणी आल्या. नाही कोण म्हणणार? मीही बसले, माझ्याच मुलासाठी होतं ते. मिर्येला मी बसू दिलं नाही. ती नवी नवरी, लग्नाला चौदा महिने झालेले, बाप्तिस्मा होऊन सहाच महिने. शिवाय घरी माकुलं काठ्यांवर होती. त्यांना उपासतापास कळत नाहीत.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी एकीला उलट्या झाल्या. चौथ्या दिवशी पहाटे मालन्यो देवळाची पायरी चढताना दोनदा बसली. तिचे ओठ पांढरेफटक होते. मी म्हटलं, “बाई, तू तरी सोड आता. तुला साखर आहे.”

“तुझ्या पोराला समुद्र आहे,” ती म्हणाली. “गप बस आणि माग.”

मी गादीवर पुढे वाकले, कपाळ जमिनीला टेकलं. जमीन खालून तापलेली होती, आमच्याकडे थंडीत जमिनीखाली ऊब सोडतात. चार दिवसांची भूक आणि तीन आठवड्यांचं जागरण. मला झोप लागली. स्वप्न नाही, उजेड नाही, आवाज नाही. नुसती काळीकुट्ट झोप.

पाठीवर हात पडला तेव्हा जाग आली. दिवे लागले होते. मालन्यो माझ्याकडे वाकून बघत होती आणि तिच्या मागे सात जणी ओळीने बसल्या होत्या, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या.

“तू हलत नव्हतीस. काही मिळालं का?” मालन्योने विचारलं. तिचा हात माझ्या पाठीवर थरथरत होता आणि मला एवढंच दिसलं की ही म्हातारी आज मरणार. मी ‘नाही’ म्हटलं तर ही पाचवा दिवस धरणार, आणि मरणार. एका घरात प्रेत नसताना दुसऱ्या घरात मात्र ते असणार.

“मिळालं,” मी म्हटलं.

“काय मिळालं?”

“येईल म्हणाला.”

कोण येईल, केव्हा येईल, कसा येईल, काही नाही. एवढेच दोन शब्द. बायका रडायला लागल्या, पाळकसाहेब धावत आले, कुणीतरी गीत सुरू केलं. मग देवळाच्या स्वयंपाकघरात भोपळ्याची लापशी शिजली. मालन्योने दोन वाट्या खाल्ल्या. तिच्या गालावर रंग आला. मीही खाल्ली, आणि ती चांगली लागली. लापशी चांगली लागली याची जेवढी लाज मला वाटली, तेवढी खोटं बोलल्याचीही वाटली नाही. खरं तर तेव्हा मला ते खोटं वाटलंच नव्हतं. म्हाताऱ्यांना जेवायला घातलं, इतकंच.

पण तोंडातून सुटलेला शब्द घशात परत जात नाही. रविवारी पाळकसाहेबांनी त्यावर उपदेश केला. ह्वांग पाळकसाहेब चौतिशीचे, मनाने फार चांगले आणि लवकर भरून येणारे. महिन्याने ते मला शेजारच्या गावच्या मंडळीत साक्ष द्यायला घेऊन गेले. मी उभी राहिले, “येईल म्हणाला,” म्हटलं आणि खाली बसले. लोक म्हणाले, काय ही नम्रता!

बाकीच्या सहा घरांनी नवं वर्ष लागायच्या आत आपापलं उरकलं. चौघांनी मांत्रिकबाई बोलावली. तिने किनाऱ्यावर ढोल वाजवले, दोरीला भाताचं भांडं बांधून पाण्यात सोडलं आणि आत्मे वर काढले. दोघांनी नुसते कपडे पुरले. आमच्याच घरी काही झालं नाही, कारण आमचा येणार होता. होडीच्या इंजिनवाल्याची आई मला मासळीच्या धक्क्यावर भेटली, तेव्हा टोपली खाली ठेवून म्हणाली, “ओकबुन, तुझ्या देवाला सातातला एकच दिसतो का गं?”

मी तिच्या टोपलीतली माकुलं बघत उभी राहिले. ताजी होती.

आता मिर्येचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. ती सव्वीस वर्षांची. माहेर देगूला, माहेरचं कुणी देवळात जाणारं नाही. आईबाप गेलेले, एक थोरला भाऊ. मी उत्तर आलं म्हणून सांगितलं त्या संध्याकाळपासून तिने भाताची वाटी ठेवायला सुरुवात केली. आमच्याकडे घरचं माणूस बाहेर असलं की त्याच्या वाट्याचा भात पितळी वाटीत भरून, झाकण घालून, जमिनीच्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात रजईखाली ठेवतात. आलं माणूस की गरम भात तयार. दोन दिवस, चार दिवस ठेवतात. मिर्येने ती रोज ठेवली. सकाळी तोच शिळा भात पाण्यात कालवून ती स्वतः खायची आणि माझ्यासाठी ताजा करायची. वर्षभर ती पोरगी नवऱ्याच्या वाट्याचा शिळा भात खात होती.

मी रोज बघायची. हिला सांगावं, असं रोज वाटायचं का? नाही. खोटं कशाला बोलू. पहिले काही महिने मला काहीच वाटत नव्हतं, आणि पुढे वाटायला लागलं ते भलतंच. मला वाटायला लागलं की हिने वाटी ठेवणं बंद केलं, तर ही जाईल. ही गेली की घरात मी आणि काठ्यांवरची माकुलं. तेव्हा ठेवू दे. आणि कधी कधी, रजई जरा फुगलेली दिसली की, मलाही वाटायचं, काय सांगावं, येईलही. आपणच पेरलेल्या अफवेवर आपणच विश्वास ठेवायचा, इतकी माझी मजल गेली होती.

मात्र देवाशी बोलणं साफ बंद झालं होतं. त्याच्या नावावर मी जे खपवलं होतं, ते त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. अशा माणसाच्या घरी आपण जातो, पण डोळ्याला डोळा देत नाही. पहाटे पाचला मी जायची, ओठ हलवायची, परत यायची. तो मात्र गप्पच होता. गिल्दो गेला तेव्हा गप्प, मी खोटं बोलले तेव्हा गप्प. मला वाटे, एकदा तरी त्याने मला थोबाडीत मारावी.

कापणीच्या सणाला मिर्ये माहेरी गेली नाही. म्हणून सण झाल्यावरच्या मंगळवारी तिचा भाऊ थेशिक छोटा ट्रक घेऊन स्वतःच आला. सफरचंदांची पेटी खांद्यावर, मान जाड, बोलणं सरळ. त्याच सकाळी पाळकसाहेब आणि मालन्यो आमच्या घरी प्रार्थनेला आले होते. सगळे एकाच खोलीत बसले. मी सफरचंद कापत होते. मिर्ये दाराशी, पाय दुमडून.

“मावशी,” थेशिक मला म्हणाला, “राग मानू नका. पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. कचेरीत अर्ज दिला की कागदोपत्री ती मोकळी होते. मी तिला घेऊन जायला आलोय.”

“मी जाणार नाही, दादा,” मिर्ये म्हणाली. “फोनवर सांगितलं होतं ना.”

“तू गप. मी मोठ्या माणसांशी बोलतोय.” तो जरा सरकून मागे टेकायला गेला आणि त्याचा हात रजईखाली गेला. त्याने वाटी बाहेर काढली. झाकण उघडलं. आदल्या रात्रीचा भात होता, वरून कडक झालेला. “हे काय आहे?”

त्याने वाटी मिर्येपुढे धरली.

“किती दिवस ठेवतेस हे?”

“पहिल्यापासून,” मिर्ये म्हणाली.

थेशिक वाटी हातात धरून बसला. एवढा दांडगा माणूस, पण त्याची हनुवटी हलायला लागली. “माझी बहीण सव्वीस वर्षांची आहे,” तो म्हणाला. “सव्वीस. तुम्ही लोक तिच्याशी काय करताय?”

पाळकसाहेब पुढे झाले. “तुमचं दुःख मला कळतं हो. पण या घराला परमेश्वराने शब्द दिलाय. माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून...”

“कुणाला दिला शब्द?”

“ओकबुन कोन्साबाईंना.”

“काय म्हणाला तुमचा देव? नेमकं काय म्हणाला? मला ऐकू द्या. गिल्दो जिवंत आहे म्हणाला? कुठल्या बेटावर आहे ते सांगितलं? मला नुसतं ते ऐकू द्या, मी आत्ता ट्रक घेऊन परत जातो.”

“कोन्साबाई,” पाळकसाहेब माझ्याकडे वळले, डोळे भरलेले, “तुम्हीच सांगा यांना.”

“सांग गं,” मालन्यो म्हणाली. “सहाला दहा कमी होते.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मिर्ये नव्हती बघत. ती आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. माझ्या हातात सुरी होती आणि सफरचंदाची साल अर्धी लोंबत होती. इकडे आड तिकडे विहीर. ‘येईल म्हणाला’ एवढंच म्हणायचं होतं. वर्षभर तेच म्हणत आले होते. म्हटलं असतं की ही पोर आणखी एक वर्ष राहिली असती, मग आणखी एक, आणि शिळा भात खाऊन खाऊन माझ्यासारखी झाली असती. मला ती हवी होती. हे मला स्वच्छ कळलं. इतक्या महिन्यांत मला कळलेली ती पहिलीच गोष्ट, आणि तिची मला शिसारी आली.

“मला झोप लागली होती,” मी म्हटलं.

“काय?” मालन्यो म्हणाली.

“झोप लागली होती. देव काही बोलला नाही. तू मरायला टेकली होतीस, बाई. चार दिवस पोटात काही नव्हतं तुझ्या. तुम्ही सगळ्यांनी जेवावं म्हणून मी बोलले.”

पाळकसाहेबांनी गळा साफ केला. “कोन्साबाई, तुम्ही दमला आहात. आणि झोपेतही परमेश्वर...”

“स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं, पाळकसाहेब. मी शोधून बघितलंय. काही नाही.”

त्यांचा चेहरा बघवेना. या गोष्टीवर त्यांनी चार उपदेश केले होते. मालन्यो उठली. “मी मेले असते तर मेले असते,” ती म्हणाली. “तुला कुणी सांगितली होती माझी काळजी? दोन वाट्या खाल्ल्या मी त्या दिवशी. देवाचे आभार मानून खाल्ल्या.” ती दाराबाहेर गेली. तिला तिचे जोडे सापडेनात. एकाहत्तरची म्हातारी पायरीवर बसून जोडे शोधत राहिली आणि कुणी उठून दिले नाहीत. शेवटी थेशिकनेच दिले.

मिर्येने भावाच्या हातातली वाटी घेतली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले. ती उभ्यानेच भातात पाणी ओतून खात होती.

“मिर्ये,” मी म्हटलं. “मला शिव्या दे.”

ती चावत राहिली. घास गिळून म्हणाली, “मला माहीत होतं, आई.”

“काय माहीत होतं?”

“त्या दिवशी मी तुम्हांला न्यायला आले होते. बाहेर बर्फासारखं गार होतं, म्हटलं तुम्ही उपाशी, वाटेत पडाल. दार उघडलं तर तुम्ही पुढे वाकलेल्या. तुम्ही घोरत होतात. बाकीच्यांचा आवाज एवढा, कुणाला ऐकू गेलं नसेल. मी अगदी मागे येऊन बसले होते.”

मी तिच्या हातातल्या वाटीकडे बोट केलं.

“मग वर्षभर ही वाटी का भरलीस?”

“तुम्ही बघत होतात म्हणून,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी तुम्ही त्या रजईकडे बघायच्या. मला वाटलं, यांचा सगळा देव त्या एका शब्दावर उभा आहे. मी वाटी ठेवली नाही तर तो पडेल, आणि त्याच्याखाली तुम्ही.”

“मी तू ठेवतेस म्हणून बघत होते.”

तिने वाटी खाली ठेवली. आम्ही दोघींनी मिळून एक मेलेलं माणूस वर्षभर दोन्हीकडून उचलून धरलं होतं, आणि दोघींचे हात भरून आले होते. “तो गेला ना, आई?” तिने विचारलं. मी मान हलवली. मग ती रडली. बसकण मारून, तोंड न झाकता, गुरासारखी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला अजूनही रडू येत नव्हतं.

थेशिक तिला लगेच घेऊन गेला नाही. त्याने पेटीतली सफरचंदं उतरवून ठेवली, “रविवारी येतो,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब एकटेच आले. दारातच उभे राहिले. “मी त्या उपासाच्या दिवशी तुम्हांला आणखी काही विचारलंच नाही,” ते म्हणाले. “कारण मलाही तेच ऐकायचं होतं. सात माणसं एका रात्रीत गेली आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तुम्ही दिलंत.” मग त्यांनी विचारलं, गिल्दोसाठी शेवटची उपासना घ्यायची का. मी म्हटलं, घ्या. बाकीच्या सहा जणांचीही नावं घ्या. त्यांनी घेतली. इंजिनवाल्याची आई देवळात आली नाही, पण दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती, असं मला नंतर कळलं.

मालन्यो त्या उपासनेला आली, पण माझ्याशी बोलली नाही. शनिवारी संध्याकाळी मी काठ्या उतरवत होते, तेव्हा ती येऊन माझ्या बाजूला उकिडवी बसली आणि न विचारता माकुलं सोडवायला लागली.

“राग गेला का?” मी म्हटलं.

“खोटं बोललीस त्याचा राग नव्हताच,” ती म्हणाली. “मी चाळीस वर्षं पहाटे पाचला जातेय. दोन मुलं पुरली, नवरा पुरला. त्याने मला एक शब्द सांगितलेला नाही. एक नाही. आणि तुला तीन आठवड्यांत सांगितलं. वर्षभर तुझा हेवा करत होते मी. पहाटे तुझ्या शेजारी बसून हेवा करायचे. बरं झालं गं मेले, तूही आमच्यातलीच निघालीस.”

“मग चाळीस वर्षं जातेस कशाला?”

तिने एक काठी संपवली. “आता कुठे जाऊ मग?” ती म्हणाली. “आणि तो नाहीये असं मला कधी वाटलं नाही. बोलत नाही, एवढंच. माझा नवराही बोलत नसे.”

रविवारी दुपारी मिर्ये गेली. तिची पेटी मीच भरली. वाळवलेली माकुलं घातली, तिच्या लग्नातली जाड रजई घातली. तिने पाया पडायला सुरुवात केली, मी तिला धरून उठवलं. “राहते मी, आई,” ती ट्रकमध्ये चढताना म्हणाली. “तुम्ही म्हणालात तर राहते.” मी म्हणाले नाही. हे म्हणणं फार सोपं होतं, आणि एकदा सोपं बोलून मी काय केलं होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, “अर्ज दे. कामाला लाग. आणि कुणी बरा माणूस भेटला तर मला कळव, उगाच लपवू नकोस.” ट्रक वळला. मी घरात येऊन एका माणसाचा भात केला. जास्त झाला, अंदाज यायला दिवस लागतात.

सोमवारी पहाटे देवळात गेले. गादीवर बसले. पाळकसाहेबांनी दिवे मालवले, सगळ्यांनी तीनदा हाक मारली आणि गोंगाट सुरू झाला. मालन्यो माझ्या उजवीकडे आपल्या नातवाच्या पोटदुखीबद्दल ओरडत होती. माझे ओठ सवयीने हलायला लागले, ते मी थांबवले. मग तोंड उघडलं आणि आवाज काढला.

“प्रभू,” मी म्हटलं, “गिल्दो मेला.”

वर्षभरात हे मी कुणाला म्हटलं नव्हतं. त्याला तर नाहीच. “गिल्दो मेला आणि सूनही गेली. तू काही बोलला नाहीस आणि मी तुझ्या नावावर बोलले. ते शब्द माझे होते, तुझे नव्हते. तुझे मला अजून मिळालेले नाहीत. मिळतील की नाही, ठाऊक नाही. का नेलंस ते मला कळत नाही, आणि तू सांगशील असंही वाटत नाही. पण माझा मुलगा समुद्रात आहे आणि समुद्र तुझा आहे. त्याला सांभाळ. माझ्याकडे दुसरं कुणी नाही ज्याला हे सांगता येईल. मी उद्याही येईन.”

उत्तर आलं नाही. मी वाट बघितली, खरोखरच बघितली, आणि आलं नाही. मग मी रडायला लागले, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. चाळीस माणसं आपापलं ओरडत होती, त्यात एका म्हातारीचं रडणं कुणाला वेगळं ऐकू आलं नाही.

उजाडलं. दिवे लागले. लोक उठून कामाला गेले. मी तोंड पुसलं आणि आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिले.